नदीतून आलेली अंगठी

सोन्याच्या दुकानातल्या त्या पारख्याला सगळे 'कसवाले' म्हणत. दागिना आला की ते आधी तो तळहातावर नुसता तोलून बघत. सोनं दिसतं त्याहून जड लागतं, पितळ त्यापुढे हलकं. मग काळ्या दगडावर रेघ ओढायची आणि तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडायचा. पितळेची रेघ हिरवट होऊन विरघळते, चोख सोन्याची जागची हलत नाही. 'बघायला आले तेव्हा माझ्या तोंडाआधी यांनी माझ्या कानातलं पाहिलं,' असं त्यांची बायको हसत सांगायची. माणूस मात्र तोंडाचा पक्का. कुणाचं काय खोटं निघालं, ते त्यांच्या पोटातच राहायचं.

त्या वर्षी नदीत प्रवाशांची लाँच उलटली. शोधाशोध करून एकेक जण मिळाला, दोघे तेवढे राहिले: एक ट्रकड्रायव्हर आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंचा एकुलता एक मुलगा. बऱ्याच दिवसांनी गाळात एक देह सापडला. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. बोटात एक साधी, बिननक्षीची अंगठी होती. ड्रायव्हरची बायको म्हणाली, ही माझ्या नवऱ्याची, सोन्याची. शिवणवाल्या बाईही तेच म्हणाल्या, माझ्या मुलाची, सोन्याचीच. पोलीस अधिकाऱ्याला काही उमजेना. कसात काही फरक निघतो का बघा म्हणून त्याने कसवाल्यांना बोलावलं.

रुग्णालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी टेबल ओढून ते बसले. अंगठीवरचा चिखल धुतला, तर इतके दिवस पाण्यात राहूनही ती कुठे काळवंडली नव्हती. वरचा मुलामा फसवतो, म्हणून त्यांनी आतल्या बाजूला कानशीने बारीक खाच पाडली आणि तिथली रेघ दगडावर ओढली. तेजाब टाकल्यावरही रेघ तशीच राहिली. अंगठी सोन्याचीच होती.

पण इथे नुसता कस सांगून भागणार नव्हतं. कारण बाईंच्या मुलाची अंगठी त्यांनी पूर्वी पाहिली होती. बाईंचे यजमान सुतार होते. मुलाला पहिली नोकरी लागली तेव्हा कुणा अनोळखी माणसाकडून त्यांनी ती अंगठी स्वस्तात घेतली आणि खात्री करायला दुकानात आणली. ती पितळेची निघाली. सुतार बाकावर टेकले. मग म्हणाले, घरी सोन्याची म्हणून सांगून बसलोय, तुम्ही कुठे बोलू नका. पुढे ते वारले आणि ती गोष्ट कसवाल्यांपाशीच राहिली.

आता गप्प बसणं म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोवर अन्याय. बोलणंही जिवावर आलं होतं. त्यांनी अधिकाऱ्याकडे थोडा वेळ मागितला आणि बाईंना बाहेरच्या व्हरांड्यात नेलं.

"वहिनी, ही अंगठी खरी आहे. तुमच्या मुलाची... ती पितळेची होती. दादांनी मला दाखवली होती."

बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "घामाने त्याचं बोट हिरवं पडायचं. मी लिंबाने घासून काढायची. यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही मायलेक कधी बोललो नाही."

"मग आत तसं का सांगितलंत?"

"कुणालातरी माती देऊन घरी जाईन म्हटलं. रोज दाराकडे बघणं आता होत नाही हो माझ्याच्याने."

कसवाले त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. बाईंनी पदराने तोंड पुसलं, स्वतःच आत गेल्या आणि अधिकाऱ्याला म्हणाल्या, माझी ओळखण्यात चूक झाली, हा माझा नाही.

देह ड्रायव्हरच्या बायकोला मिळाला. व्हरांड्यातलं बोलणं तिने दाराआडून ऐकलं होतं. अंत्यविधीच्या दिवशी ती बाईंना न्यायला त्यांच्या घरी गेली, हाताला धरून पुढे घेऊन आली, आणि नवऱ्याला पहिली मूठ माती तिने त्यांना द्यायला लावली. तेव्हा कुठे बाई रडल्या.

त्यांचा मुलगा पुढेही सापडला नाही. कसवाले दुकानातून परतताना त्यांच्या दारी टेकायचे. बाई मशीन चालवत राहायच्या आणि मुलाच्या लहानपणीचं काहीबाही सांगायच्या. दार उघडंच असायचं.