वाळूखालचं रान

दादा पुरात गेला आणि त्याच पुरानं आमच्या रानावर वाळू आणून टाकली. सिल्लोडच्या अलीकडं, नदीकाठी आमचं दोन एकर काळं रान होतं. पाणी ओसरलं तेव्हा तिथं कुठं वीतभर, कुठं कमरेइतकी वाळू साचलेली. दादा नदीतली मोटार वर काढायला गेला होता. लोकांनी खालच्या गावांपर्यंत आठ दिवस शोधलं. तो सापडला नाही.

त्या सकाळी त्याचा मला फोन आला होता. मी चिकलठाण्याला कारखान्यात कामाला.

"पाणी वाढायलंय. मोटार वर घ्यायला येतो का? एकट्याला जमायचं नाय."

"आज शिफ्ट आहे, दादा. उद्या येतो," मी म्हणालो.

हे मी कुणालाच सांगितलं नाही.

महिन्याभरानं भावकीतले लोक वहिनीला सांगायला आले की जेसीबी लावा, वाळू उचलून न्या, खाली काळी माती तशीच असेल. वहिनी ओट्यावर बसली होती. म्हणाली, "वाळूला हात लावायचा नाय. ते त्याच्यातच असले तर? मशीनच्या दातात यायचे का?"

लोक उठून गेले. पण त्या दिवसापासून मलाही त्या रानात नीट पाय टाकता येईना. पाऊल रुतलं की वाटायचं, कुणावर तरी उभा आहे.

वाळू राहणार होती, म्हणजे वाळूतच पिकवायचं होतं. पहिल्या वर्षी मका लावला. पाणी दिलं की घटकेत गायब, आणि पाण्याबरोबर युरियाही खाली. मका गुडघ्याएवढा होऊन वाळला. तेव्हा गावात नव्यानं आलेल्या कृषी सहायक बाई म्हणाल्या, "या मातीला पोटच नाही. कोळसा करून घाला, तो पाणी आणि खत धरून ठेवील."

कपाशी निघाली की तिच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, लोक बांधावर पेटवून देतात. आम्ही गावभरच्या पऱ्हाट्या आणि मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं गोळा केली. त्यासाठी एक खड्डा घ्यायचा होता. मशीन नको, हातानंच घ्यायचा, एवढ्यावर वहिनी कबूल झाली. कुदळ मी धरली. प्रत्येक घावाला हात आखडायचा, आवाज बदलला की मी थांबून हातानं वाळू उकरायचो. वहिनी समोर उभी राहून बघत होती. एकदा पांढरं काही लागलं. आम्ही दोघंही खाली बसलो. शिंपला होता. वहिनीनं तो पुसला आणि बांधावर ठेवला.

खड्ड्यात थोड्या पऱ्हाट्या पेटवायच्या, वर राख धरू लागली की दुसरा थर टाकायचा, आणि सगळं लाल झालं की पाणी मारून विझवायचं. तसा कोळसा केला, कुटला, रानात पसरला. तरी दुसऱ्या वर्षीचा मका पिवळा पडला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "कोरडाच घातला? तो उपाशी असतो हो. तुमचंच खत खाऊन बसला. आधी त्याला शेणात, गोमूत्रात भिजत घाला."

तिसऱ्या वर्षी पुन्हा खड्डा पेटवला. दुपारची वेळ, धूर सरळ वर जात होता. वहिनी पऱ्हाट्या देत होती, मी टाकत होतो. विस्तवाकडं बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, दादानं त्या दिवशी मला बोलावलं होतं. मी आलो नाही."

ती पऱ्हाट्या मोडत राहिली. "ठाऊक हाय. फोन लावला तवा मी चुलीपाशीच होते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं, भाऊजी? मी तरी कुठं अडवलं त्यांना? जा म्हणले, मोटार वाहून जाईल." तिनं पुढचा भारा माझ्या हातात दिला. "टाका. राख धरायलीय."

त्या कोळशात आम्ही शेण कालवलं, गोमूत्र ओतलं, मूठमूठ युरिया टाकला आणि ते झाकून ठेवलं. पेरणीच्या आधी मक्याच्या धाटांची कुट्टी आणि शेणखतासोबत ते वरच्या वीतभर थरात मिसळलं. त्याखाली नांगर घालायचा नाही, असं वहिनीनं ट्रॅक्टरवाल्याला बजावलं होतं. युरिया एकदम न देता थोडा थोडा तीनदा दिला.

यंदा मका डोक्याच्या वर गेला. वरची वाळू करडी झाली आहे. मुठीत दाबली तर क्षणभर गोळा राहतो, मग फुटतो. बाई येऊन फोटो काढून गेल्या, आजूबाजूचे लोक खड्डा कसा घेता ते विचारायला लागलेत. वहिनी त्यांना सगळं नीट सांगते. पण या रानातला दाणा ती घरात येऊ देत नाही. सगळा सिल्लोडला विकते आणि घरी खायला दुसऱ्याकडून आणते.

मागच्या रविवारी मी गेलो, तर ती बांधावर उभी. मी एक कोवळं कणीस मोडलं आणि कच्चंच खाल्लं.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"गोड आहे."

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हळू खा," आणि पाणी बदलायला पुढच्या सरीकडं गेली. मक्यात ती दिसेनाशी झाली. वारा पडलेला होता, आत ती एकटीच; पानांची सळसळ मात्र दोन बाजूंनी येत होती.