तिसरा गिअर आणि चपटं जोडवं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं येतं, पण मी ट्रकबद्दल लिहिणार आहे आणि त्यात मला कोणी शिकवायची गरज नाही. तरी या गोष्टीतलं अर्धं शहाणपण माझ्या बायकोचं आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हाताऱ्यानं लपवलं असं मागून कोणी म्हणायला नको.

आणीबाणी उठून एखाददुसरं वर्ष झालं असेल. तोवर मी आर्वीच्या एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. एक दिवस त्यानं चारचौघांत मला 'अबे' म्हटलं. मी चावी त्याच्या गादीवर ठेवली आणि सांगितलं, "आता दुसऱ्याच्या स्टिअरिंगले हात लावन तं नावाचा नाई." तोंडातून निघालं ते निघालं. मग घरची बैलजोडी आणि होतं नव्हतं ते विकून एक जुना, लांब नाकाचा ट्रक घेतला. गावच्या कास्तकारांना शब्द दिला, यंदाचा तुमचा कापूस आर्वीच्या खरेदी केंद्रावर मी पोचवीन.

घेताना मी त्या ट्रकला बैलासारखा पारखला होता. पुढं पळवला, मागं घेतला, खाली वाकून पाहिला. फक्त माल भरून चढावर चालवायला विकणाऱ्यानं दिला नाही, आणि खोट तिथंच होती. वेचणी सुरू झाली, पहिली गाडी भरली, आणि आर्वीच्या अलीकडच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला तसा गिअरचा दांडा खटकन मागं आला. गाडी न्यूट्रल. वर कापूस, मागं उतार. ब्रेकवर उभा राहिलो म्हणून वाचलो.

त्या स्टिअरिंगला माझे दोन्ही हात लागायचे. दांडा दाबून धरायला वेगळा माणूस हवा होता, आणि वेचणीच्या दिवसांत गावात रिकामा माणूस औषधाला सापडत नाही. बायको म्हणाली, "मी धरीन."

"तुह्यानं होईन का?"

"जात्याचा खुंटा धरलाच ना इतके वर्षं? हा बी खुंटाच हाय."

पदर खोचून ती शेजारी बसली. चढ आला की मी म्हणायचो, "धर!" ती दांड्याच्या पुढं पत्र्याच्या कडेवर उजवा पाय रोवायची आणि दोन्ही हातांनी दांडा दाबून धरायची. असा आमचा संसार त्या चढावरून रोज वर जायचा. खरेदी केंद्राच्या फाटकावर बैलगाडीवाले टपलेलेच असत.

"काय भाऊ, घरवाली ड्रायव्हर अन् तू क्लीनर?"

मी उत्तर जुळवेपर्यंत ती खिडकीतून म्हणाली, "तुमच्या घरवालीले इचारा. ती तं तुमच्या बैलगाडीतबी बसाले भेते."

गिअर सुटायचा ते एक. त्यावर आणखी एक आवाज होता. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, तरी खालून घुईंऽऽ. जो येई तो कान देई आणि निकाल देई, गिअरबॉक्समधले दात गेले, म्हणून आवाज येतो, म्हणून गिअर सुटतो. मी एकटा म्हणत होतो, दुखणी दोन आहेत. कारण क्लच दाबला की घुईं बंद आणि सोडला की सुरू. क्लच दाबल्यावर इंजिनाकडून गिअरबॉक्सच्या डब्यात जाणारी दांडी फिरायची थांबते. म्हणजे ओरडतं ते डब्याच्या तोंडावरचं बेअरिंग, आतले दात नव्हेत.

आर्वीच्या मिस्त्रीच्या आवारात मी हे दाखवलं. बैल गेले तरी ते हाकायची काठी घरात उरली होती. तिचं एक टोक गिअरबॉक्सला टेकवलं, दुसरं कानाला. मागच्या अंगाला साधी घरघर, पुढच्या अंगाला घुईं. मला गाडीखाली तसा आडवा पाहून तिथले ड्रायव्हर हसायला लागले.

"सेवाग्रामच्या मेडिकलातून पास होऊन आले का डाक्टरसाब? पेशंट वाचते का?"

मिस्त्री मात्र हसला नाही. त्यानं माझ्या हातातली काठी घेतली आणि स्वतः ऐकलं. म्हणाला, "बेअरिंगचं तुमचं बरोबर हाय, भाऊ. ते ओरडत ओरडत सिझन काढन. पण गिअर सुटते त्याचं काय? डबा खोलाच लागन."

"कधी देसान?"

"सामान नागपूरहून येईन. माह्याकडं गाड्यायची लाइन. संक्रांत धरून चाला."

संक्रांतीपर्यंत गावचा कापूस माझ्यासाठी थांबणार नव्हता. आणि त्याच आठवड्यात शेठचा निरोप आला होता, ड्रायव्हरची सीट रिकामी आहे, माफी मागू नको, नुसता येऊन बस. पोटाच्या चिंतेपेक्षा तो निरोपच मला जास्त लागला. मी मिस्त्रीला म्हटलं, भरलेली एक खेप टाकतो, मग गाडी तुझ्या दारात.

त्या खेपेला चढावर दांडा सुटला नाही, पण बायको ओरडली, "अगा माय!"

"काय झालं?"

"पाय चेपला. रोजच चेपते."

"मंग काढून घे ना पाय."

"पाय काढला तं जोर कायच्या भरोशावर लावू?"

ही तिची तक्रार जुनीच होती, आणि दर वेळी मी हेच सांगत होतो, पाय काढ. कोणीही हेच सांगितलं असतं. पण त्या दिवशी तिचा चेहरा पाहून वर सपाटीला गाडी बाजूला घेतली. तिनं पाय पुढं केला. बोटातलं चांदीचं जोडवं चपटं होऊन मांसात रुतलं होतं.

"दांडा सुटते तवा चेपते का?"

"नाई. सुटाच्या आंधी. दांडा पुढं सरकते, या पत्र्याच्या कडेवर माहा पाय दाबते, अन् मंग मागं धक्का मारते. पाय चेपला का मले समजते, आता जोर लावाचा. तुमच्या 'धर'ची वाट पाह्यत बसली असती तं कवाच खाली गेलो असतो."

मी बिडी पेटवली आणि ओढायची विसरलो. गिअर आतून सुटत असता तर दांडा सरळ मागं आला असता. तो आधी पुढं सरकत होता. दांडा तर डब्यात बसलेला, म्हणजे अख्खा डबाच पुढं सरकत होता. केबिनच्या तळाच्या पत्र्याला दांड्यासाठी जे भोक आहे, त्याच्या कडेला दांडा अडायचा, डबा पुढं जायचा, आणि तो पत्राच आमचा गिअर काढून टाकायचा. आतल्या दातांचा यात काही दोष नव्हता.

माल उतरवला आणि तडक मिस्त्रीकडं. बायकोनं त्याला चपटं जोडवं दाखवलं आणि दांडा आधी पुढं सरकतो ते सांगितलं. तो गाडीखाली गेला, गिअरबॉक्सखाली पहार घातली आणि दाबली. डबा झोक्यासारखा वर उचलला गेला. ज्या रबरांवर तो बसवलेला असतो, ती तेल पिऊन पार कुजली होती.

"बाप्पा!" तो खालूनच म्हणाला. "वहिनी, माह्याकडं कामाले या."

"पगारात जोडवं देसान का?"

त्यानं जुन्या टायरचे जाड तुकडे कापून रबरं बनवली, बोल्ट कसले. डबा खोलायचं मोठं काम त्याच्या हातून गेलं होतं, तरी कपाळावर आठी नव्हती. ज्या हातांनी तो बोल्ट कसत होता त्या हातांना मी अजून मनात नमस्कार करतो. बेअरिंग हंगामभर ओरडलं आणि हंगामानंतरच बदललं. शेठच्या सीटवर मी परत बसलो नाही. त्याच्याच नव्हे, कोणाच्याच.

दुसऱ्या दिवशी गाडी भरली. मी बायकोला म्हटलं, आता तुझं काम नाही, घरी थांब. ती येऊन बसलीच. चढ लागताच दोन्ही हात दांड्यावर.

"सोड. नाई सुटत आता."

"तुमच्या टायरच्या तुकड्यावर माहा भरोसा नाई."

अर्धा चढ गेल्यावर तिनं एक हात उचलला. थोडं थांबून दुसरा. दांडा थरथरत होता, पण जागचा हलला नाही. ती हात मांडीवर ठेवून बसली, काय करावं त्या हातांचं हे न कळल्यासारखी. मग तिनं मान वर केली आणि खिडकीबाहेर पाहिलं. खाली कापसाची पांढरी वावरं, मधून नाला, त्याच्या पल्याड सागाचं रान.

"अवो, हे इतकं सारं दिसते इथून?"

"रोजचाच तं रस्ता हाय."

"तुमचा असन रोजचा. मी तं दांडाच पाह्यत होती."

भरलेली गाडी चढावर थांबवायची नसते, एवढं मला कळतं. थांबवली नाही. पण तिसरा काढून दुसरा टाकला आणि गाडी हळू घेतली. मागचा कोणी हॉर्न वाजवत होता. वाजवू दिला.