आनंदा भुवडांचा पासवर्ड

कंपनीतून निवृत्त झाल्यावर आनंदाभाऊ भुवडांनी आधी घराची डागडुजी काढली. कौलं सारखी केली, परड्याचा ढासळलेला गडगा रचला, गोठ्याचं दार नीट बसवलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर ओटीच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेली. जुन्या टॉवेलखाली तो कित्येक वर्षं तसाच पडून होता. त्यात गणपतीतले जुने फोटो होते, आईचा त्यांना सगळ्यात आवडणारा फोटोही त्यातच. त्यांनी टॉवेल काढला, धूळ पुसली, बटण दाबलं. पंखा गुरगुरला, काळ्या पडद्यावर दोन ओळी इंग्रजी अक्षरं उमटली आणि गाडी तिथेच थांबली.

"मेला तो," विमलावहिनी आतून येत म्हणाल्या. "भंगारवाल्याला घाला. बदल्यात एखादं पातेलं तरी यील."

"मरायला काय झालंय? कायतरी सेटिंग हललं असंल."

"तुमचा तो पासवर्डच त्याच्या घशात अडकला असंल."

पासवर्डचा विषय घरात निघाला की आनंदाभाऊ चष्मा पुसायला घेत, तसा त्यांनी घेतला.

कॉम्प्युटर वाडीत पहिल्यांदा आला तो त्यांच्याच घरी. दिवाळीच्या बोनसमध्ये घेतलेला तो खोका त्यांनी कंपनीच्या बसमधून मांडीवर ठेवून आणला होता; कशेळ्याच्या वळणावर बस हेलकावली तेव्हा पोर कवटाळावं तसा कवटाळला होता, असं बरोबरची माणसं पुढे बरेच दिवस सांगत. घेतला तो शमिकासाठी. एकुलती मुलगी, दहावीला उत्तम गुण, हातात चित्रकला. पण घरात वस्तू आली तशी काळजीही आली. पोर दिवसभर त्यालाच चिकटून बसली तर अभ्यासाचं काय? इंटरनेटवर काय काय असतं म्हणतात, त्याचं काय? आणि आपण तर पाळीवर.

आनंदाभाऊ लोट्याला एका केमिकल कंपनीत पॅनेलवर होते. थंड बंद खोलीत बसून पडद्यावर रिअ‍ॅक्टरचं तापमान बघायचं, हे काम. तापमान चढत गेलं तर यंत्रं आपोआप थांबवणारं एक कुलूप असतं, त्याला तिथे इंटरलॉक म्हणतात. घाईत असलेला माणूस ते कुलूप चुकवून पुढे जाऊ बघतो, त्याला म्हणतात बायपास. उमेदीच्या काळात अशाच एका बायपासनंतर काय उरतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. पण तेव्हापासून 'बायपास' हा शब्द ते शिवीसारखा वापरत. परीक्षेच्या दिवशी शमिकाचं पोट दुखायला लागलं की म्हणत, "बायपास नको मारू गो बाय. सरळ वाटेनं जा."

तेव्हा कंपनीतल्या एका इन्स्ट्रुमेंटवाल्या पोराला विचारून त्यांनी कॉम्प्युटरलाही कुलूप घातलं. साधं विंडोजचं नाही. मशीन चालू होता होता डिलीटचं बटण दाबायचं, निळ्या पडद्यावर मदरबोर्डची सगळी सेटिंग्ज येतात, त्याला बायोस म्हणतात. तिथे पासवर्ड ठेवायचा आणि 'दर वेळी विचार' म्हणून सांगायचं. मग पासवर्ड टाकल्याशिवाय विंडोज उजाडतच नाही. तो फक्त त्यांना ठाऊक. टाकताना ते कीबोर्डवर असे वाकत की विमलावहिनी म्हणत, "कॉम्प्युटर नाय आणलात, देवाची पेटी आणलीत. पुजाऱ्याशिवाय उघडत नाय."

आणि खरंच पुढची दोन वर्षं शमिकाची चित्रकला बापाच्या पाळीवर चालली. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी, सेकंड असली की सकाळी, नाईट असली की ते झोपून उठल्यावर दुपारी. तिने कधी हट्ट केला नाही. बस वळणावर दिसली की ती पाण्याचा तांब्या घेऊन कुंपणाच्या बेड्याशी उभी. पप्पा हातपाय धुतात, पासवर्ड टाकतात, मग ही बसते. आनंदाभाऊंना त्यात आपल्या पोरीची शिस्त दिसे. ते कंपनीत अभिमानाने सांगत.

बारावीनंतर तिने मुंबईच्या एका कला महाविद्यालयात अ‍ॅनिमेशन शिकायचं मनात घेतलं. प्रवेशासाठी स्वतः केलेली छोटीशी फिल्म इंटरनेटवरून पाठवायची होती. शमिकाने विषय घेतला शिमग्यातला संकासूर. काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. पोरं ज्याला चिडवून पळतात आणि ज्याला मनातून भितात तो. एक एक पाऊल ती माऊसने काढायची. आनंदाभाऊ मागून बघत आणि म्हणत, "हा चालतो कधी गो? मघापासून पाय उचलूनच हाय."

"चालेल हो पप्पा. अजून बरीच चित्रं लागतात."

फिल्म पाठवायच्या शेवटच्या दिवशी आनंदाभाऊंची फर्स्ट शिफ्ट होती. शेवट काढायचा राहिला होता, मग चित्रं जोडून फिल्म व्हायला दुपार जाणार, आणि घरात इंटरनेटच्या डोंगलला रेंज यायची ती काळोख पडल्यावर. मुदत मध्यरात्रीची. तेव्हा पहिल्यांदाच आनंदाभाऊंनी नियम मोडला. पहाटे आंघोळ करून पासवर्ड टाकला आणि मशीन तसंच चालू ठेवलं. "आज तुझ्यावर सोडून जातो," म्हणाले. पायात चप्पल सरकवताना त्यांच्या मनात येऊन गेलं, पासवर्ड सांगून ठेवावा का. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. मशीन चालूच आहे, आता पासवर्ड कशाला लागतोय, असं म्हणून ते निघाले.

न्याहारीच्या सुमाराला लाइट गेली. क्षणभरच गेली, लगेच आली. पण मशीन बंद पडलं आणि परत चालू झालं ते पासवर्ड मागत.

शमिकाने फोन लावला. पण ज्वालाग्राही माल असलेल्या कंपन्यांत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. आनंदाभाऊंचा फोन गेटवरच्या कप्प्यात वाजत राहिला. तिने गेटच्या फोनवर सुरक्षारक्षकाला गाठलं. तो म्हणाला, पॅनेलवरच्या माणसाला उठवता येत नाही, निरोप देतो. निरोप पोचला तो तीनच्या पुढे, आणि एवढाच: घरून फोन होता. त्याच वेळी कळलं की आनंदाभाऊंच्या जागी बसायला येणारा रघू आलाच नाही. पॅनेल सोडून उठायची सोय नव्हती; पुढची पाळीही त्यांनाच करावी लागणार. कंपनीचा स्वतःचा जनरेटर, तिथे लाइट गेलेली कोणाला कळतही नाही. फोन आईच्या गुडघ्याचा असेल, नाहीतर बाजाराचा, असं वाटून त्यांनी उलट निरोप धाडला: डबल करतोय, जेवून घ्या. तो घरी पोचला तोवर चारची बस येऊन गेली होती.

ते रात्री उशिरा घरी पोचले तेव्हा शमिका पायरीवर बसली होती. त्यांनी चपलाही न काढता पासवर्ड टाकला. विंडोज उजाडलं, त्यात तिचा संकासूर होता, फक्त सकाळी काढलेला शेवट लाइटबरोबर गेला होता. मुदतीला उरलेल्या वेळात काही होण्यासारखं नव्हतं. "राहू दे, पप्पा," ती म्हणाली आणि आत जाऊन झोपली. आदळआपट नाही, रडणं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाठव म्हणून त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. तोवर तिने केमिस्ट्री घेतली होती. आता ती लोट्यालाच एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तपासायला आलेल्या मालाचे नमुने बघते. कॉम्प्युटरला तिने पुन्हा हात लावला नाही.

आनंदाभाऊंनी या सगळ्याचा एक अर्थ लावून ठेवला होता आणि त्या अर्थावर त्यांची इतकी वर्षं निभावली. लाइट गेली, आणि रघू आला नाही. दैव आणि रघू. रघूचं म्हणणं होतं की त्याची मोटरसायकल वाटेत बंद पडली. ते आनंदाभाऊंनी ऐकून घेतलं नाही. त्याच्याशी बोलणं टाकलं, गणपतीत त्याच्या घरचं जाणं-येणं टाकलं, शेजारी बसून डबा खायचं टाकलं.

तर हा कॉम्प्युटर ते स्कूटरवर बांधून खेडला मितेशच्या दुकानात घेऊन गेले. मितेश म्हणजे शमिकाच्या बारावीच्या वर्गातला मुलगा. बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने वायरी जोडल्या.

"थांब हां," आनंदाभाऊ पुढे झाले. "पासवर्ड हाय. तू जरा तिकडं बघ."

मितेशने हसू दाबत भिंतीकडे तोंड केलं. पण पडद्यावर पासवर्डची चौकट आलीच नाही. तेच ते दोन ओळींचं इंग्रजी.

"अरे, पासवर्ड कुठं गेला?"

"सेल गेला ना काका, त्याच्याबरोबर गेला." मितेशने चार स्क्रू काढले, बाजूचं झाकण उतरवलं आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा चपटा सेल नखाने टक्कन उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. "लाइट नसताना बायोसची सेटिंग्ज ह्याच्यावर जगतात. हा मेला की सगळं कंपनीतून आलं तसं. तारीख मागे, पासवर्ड साफ."

"म्हणजे कोणी मुद्दाम काढला तरी?"

"जुन्या बोर्डांवर तसंच. प्लग काढायचा, सेल काढायचा, जरा थांबायचं, परत लावायचा. पासवर्ड गेला. चहा उकळायच्या आत होतं." तो नवा सेल बसवत बोलत होता. "मला तर हे शमिकानेच शिकवलं. बारावीत लॅबच्या एका मशीनला सरांनी पासवर्ड ठेवला आणि सरच विसरले. कोणाला काय सुचेना. हिने सेल काढला, तारीख लावली, मशीन चालू. सर म्हणाले, भुवड, तू काय चोर आहेस का. वर्गात किती दिवस तिला चोर म्हणायचो आम्ही."

"बारावीत? कधी?"

"शिमग्याच्या आधी असेल. परीक्षा व्हायच्या होत्या."

आनंदाभाऊ स्टुलावर बसले. मितेश निळ्या पडद्यावर एकेक ओळ खाली जात होता. तारीख लावली, वेळ लावली, मशीनने आधी हार्डडिस्क बघावी असं केलं. लाइट जाऊन आली की आपोआप चालू व्हावं, अशीही एक ओळ होती, तीही लावली. मग बोट थांबवून त्याने विचारलं, "पासवर्ड ठेवायचा का, काका?"

"नको."

"घरात लहान पोरं असतील तर..."

"नको म्हटलं ना."

घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटर जागेवर लावला. फोटो सापडले, आईचाही. शमिकाचा संकासूरही होता, ओळीने लावलेली चित्रं. ते त्यांनी उघडून पाहिलं नाही, नुसतं नाव पाहिलं. मग ओटीवर बसून राहिले. आतापर्यंत त्या दिवसाचं ओझं त्यांनी दुसऱ्याच्या डोक्यावर देऊन ठेवलं होतं. पोरीला उपायच ठाऊक नसता तर अजूनही देता आलं असतं. तिने म्हणावं, पप्पा, तेव्हा मला सुचलंच नाही. एवढंच म्हणावं, अशी त्यांची इच्छा होती.

संध्याकाळी कंपनीची बस वळणावर आली. शमिका उतरली, ओढणी सारखी करत चढण चढून आली. चालू कॉम्प्युटर बघून म्हणाली, "अरे, जिवंत झाला वाटतं."

"मितेशने सेल बदलला." आनंदाभाऊ पडद्याकडे बघत म्हणाले. "तुला ठाऊक होतं गो, सेल काढला की पासवर्ड जातो?"

ती पायरीवर बसून चप्पलचा पट्टा सोडवत होती. हात थांबला. "होतं की."

"त्या दिवशी सुचलं नसंल."

"सुचलं होतं, पप्पा. प्लग काढला होता मी. झाकण उघडून बसले होते पुढ्यात." ती इतक्या साधेपणाने सांगत होती, की जणू लॅबमधल्या एखाद्या नमुन्याबद्दल बोलावं. "सेल नखाखाली होता. मग वाटलं, तुम्ही येणार, बटण दाबणार, आणि ते पासवर्ड विचारणारच नाही. कळणार तुम्हाला. पहिल्यांदा चालू ठेवून गेला होतात माझ्या भरवशावर. म्हणाल, त्याच दिवशी बायपास मारलं हिने."

"मी तसं म्हटलं असतं?"

शमिकाने थोडा विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "तेव्हा म्हटलं असतंत," ती म्हणाली. "आणि चारला तुमची बस येणारच होती. तेवढंच तर थांबायचं होतं. बस आली पण. त्यातून तुम्ही उतरला नाहीत. मग परत झाकण उघडलं, तर तुमचंच 'बायपास नको मारू' ऐकू यायला लागलं. झाकण बसवून टाकलं."

आतून विमलावहिनींनी हाक मारली, चहा निवतोय. कोणी उठलं नाही.

आनंदाभाऊंना खूप काही म्हणायचं होतं. मी चुकलो, म्हणायचं होतं. पण घरात हे शब्द त्यांनी कधी वापरले नव्हते आणि आता ते जिभेवर येईनात. रघूच्या घरी उद्या जावं, हेही त्याच वेळी मनात आलं, आणि जाऊन काय सांगायचं ते काही सुचेना.

"तो संकासूर," ते म्हणाले. "पाय उचलून उभा होता तो. त्याचं पुढं काय होणार होतं गो? शेवट काय काढलावतास?"

शमिका कॉम्प्युटरकडे बघत राहिली. कपाळावर आठी आली, जरा हसल्यासारखं केलं, पुन्हा आठी आली.

"आठवत नाही, पप्पा," ती म्हणाली. आणि ते आपल्याकडेच बघताहेत हे पाहून, त्यांना बरं वाटावं म्हणून की काय, हळूच पुढे म्हणाली, "रागाने नाही म्हणत. खरंच आठवत नाही."