दोन्ही बटणं पूर्ण

घाटकोपरच्या आमच्या चाळीत मला एकच मित्र होता, वरच्या मजल्यावरचा. तो मंडळाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मी जुन्या रेडिओंतले काचेचे व्हॉल्व्ह काढून त्याच्यासाठी प्रीअॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा डबा, बनवत होतो. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं, ट्रान्झिस्टर स्वस्त झाले होते. पण व्हॉल्व्हचा आवाज कसा भरीव असतो हे मी इतक्यांदा ऐकवलं की तो कंटाळून हो म्हणाला.

डब्याला दोन बटणं ठेवली, दोन आवाजांना एकेक. गिटारचा सिग्नल व्हॉल्व्हच्या एका टप्प्यातून गेला की साधा आवाज, आणखी एका टप्प्यातून गेला की तिखट. शेवटी दोन्ही एकत्र. तपासायला मी एकटाच. उजव्या हाताने तार छेडायची, डाव्याने बटण पिळायचं; एक झालं की ते शून्यावर आणून दुसरं. दोन्ही आवाज झकास आले.

मंडळाच्या पूजेला, संध्याकाळच्या कार्यक्रमात, मित्राने पहिल्याच गाण्यात दोन्ही बटणं पूर्ण फिरवली. कोणीही तेच केलं असतं. आवाज वाढायच्या ऐवजी बसला, नुसती किरकिर उरली. लोक हसायला लागले. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "डबा बरोबर आहे रे! तुझी गिटारच भंगार आहे."

तो उरलेला कार्यक्रम गिटार मांडीवर घेऊन बसून राहिला.

आठवडाभर मी कागदावर लाटा काढत होतो. मग कळलं. व्हॉल्व्हचा टप्पा सिग्नल मोठा करतो, तसा उलटाही करतो. आत लाट वर गेली की बाहेर खाली येते. साधा आवाज एकदा उलटला होता, तिखट दोनदा उलटून पुन्हा सुलटा झाला होता. दोघे एकत्र आले की एकमेकांना खात होते. हे मला आधी सुचायला हवं होतं. डब्यात एक टप्पा रिकामाच होता. साधा आवाज थोडा दाबून त्यातूनही नेला आणि दोन्ही बटणं पूर्ण केली. खोली भरून गेली.

मी धावतच वर गेलो. त्याने दारातच सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे गिटार चांगली होती ना?"

"हो रे."

"मग हे मला काय सांगतोस? रविवारी ऑर्केस्ट्राच्या तालमीला ये, सगळ्यांसमोर सांग."

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी चाळीतल्याच तालमीच्या खोलीपर्यंत गेलो. आत कोणीतरी हसलं. मलाच हसलं असेल असं वाटलं आणि मी परत फिरलो. मी जिना उतरत होतो, तेवढ्यात तो वर येताना भेटला. माझ्याकडे बघून तो भिंतीला सरकला आणि मला वाट दिली. पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्या जिन्यात एकमेकांना अशीच वाट देत राहिलो.