जुन्या रघुनाथाची ओळ

अण्णा गेला हे मला चोळपुरमहून येणाऱ्या बसमध्ये कळलं. फोन तसाच कानाला धरून मी कुंभकोणम् येईपर्यंत बसून राहिले. अण्णा माझा चुलतभाऊ, इथल्या कॉलेजात डेटाबेस शिकवायचा. आमच्या तंजावरी मराठी घरांची वंशावळ त्यानं संगणकावर घेतली आणि माहिती भरायला मला बसवलं. बाप, आजा, पणजा यांचे वेगवेगळे तक्ते करू या, असं मी म्हटलं तर हसला. "पद्मा, आजाही माणूसच ना? सगळे एकाच तक्त्यात. प्रत्येकाच्या ओळीत आईची आणि बापाची ओळ कुठली, एवढंच लिही. वर किती पिढ्या जायचं ते यंत्र बघेल."

माझ्या लेकीच्या निश्चयतांबुलाला, म्हणजे साखरपुड्याला, त्याची परीक्षा झाली. स्थळ तिरुभुवनमचं, त्यांचंही घराणं आमच्या तक्त्यात होतं. मुलाच्या मामांनी ऐनवेळी हट्ट धरला: सात पिढ्यांत नातं नाही हे दाखवा, मगच तांबूल घेऊ. मुहूर्ताला अर्धा तास उरलेला. सातच कशाला, थेट मूळ पुरुषापर्यंत दाखवतो, म्हणत अण्णानं लॅपटॉप उघडला आणि यंत्र जे वर चढू लागलं ते थांबेचना... चौदा पिढ्या, चाळीस, दोनशे. एवढ्या तर चोळ राजांच्याही झाल्या नसतील! मामा चपला शोधू लागले. लेक माझ्याकडे बघत होती. आणि मला आठवलं. आमच्यात नातवाला आजाचं नाव. रघुनाथाचा व्यंकटराव, त्याचा पुन्हा रघुनाथ, त्याचा पुन्हा व्यंकटराव... सगळ्यांत जुन्या रघुनाथाचा बाप म्हणून मी घाईत सगळ्यांत धाकटा व्यंकटराव जोडला होता. यंत्र बिचारं गोल गोल फिरत होतं.

अण्णानं घाम पुसला. एकदा गेलेल्या ओळीवर पुन्हा जाऊ नको, एवढी अट यंत्राला घातली, आणि चुकलेली ओळ सापडली. "चूक माझी," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "ही मीच भरली होती." दोन्ही घरं कुठेच मिळत नव्हती. मामा बसले, तांबूल झालं. एरवी कोणाचं ऐकून न घेणारी मी गप्प राहिले. नंतरही सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काय! त्याला खरंच स्वतःची चूक वाटत असेल, अशी मनाची समजूत घालत राहिले.

परवा वहिनीनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. अण्णाच्या ओळीत गेल्याची तारीख घालायची होती... तक्त्याच्या टोकाला एक रकाना आहे, मी कधी पाहिला नव्हता. ओळ पहिल्यांदा कोणी भरली ते यंत्र तिथे आपोआप लिहितं. पद्मा, पद्मा, पद्मा. शेकडो ओळी माझ्याच नावाच्या. फक्त जुन्या रघुनाथाच्या ओळीपुढे अण्णानं माझं नाव पुसून स्वतःचं लिहिलं होतं.