वंदनाताईंचा मिसळणाचा डबा

वंदनाताईंची आणि माझी शेवटची भेट त्यांच्या सिडकोतल्या घराच्या दारात झाली. मी चपला घालत होते. "अजून काही?" त्यांनी विचारलं. "काही नाही, ताई," म्हणून मी निघाले. दोन आठवड्यांनी त्या गेल्याचा फोन आला... तेव्हापासून ते "काही नाही" मला छळतंय.

ताई आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांत जुन्या. मूळच्या सायखेड्याच्या, बोलणं कमी, काम चोख. रक्ततपासणीचे रिपोर्ट बनवणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता आणि तो नीट चालतो का हे आपोआप तपासणारी टेस्ट मी. मी आळशीपणा केला. प्रोग्राम एकदाच चालवला आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं टेस्टमध्ये डकवलं, दर वेळी अगदी हेच यायला हवं म्हणून. मग टेस्ट कधी हिरवी म्हणजे पास, कधी लाल म्हणजे नापास. साहेबांसमोर मी बेधडक सांगितलं, "ताईंच्या कोडमध्ये गडबड आहे." "तुझी टेस्टही एकदा बघ," एवढंच ताई म्हणाल्या. ते काम त्यांच्याकडून गेलं आणि त्यांना ग्राहकांचे फोन घ्यायला बसवलं.

महिन्याभराने त्यांच्या घरी जेवायला गेले, तेव्हा मी साळसूदपणे विचारलं, लाल का होत असेल? ताईंनी मिसळणाचा डबा पुढे ओढला. "या वाट्या मी धुऊन कशाही ठेवते. हळद डावीकडे का उजवीकडे, त्यानं भाजी बिघडते का? माझा प्रोग्राम रिपोर्ट ज्या डिक्शनरीत ठेवतो, तीत नाव आणि आकड्याच्या जोड्या असतात, त्यांचा क्रम ठरलेला नसतो. हिमोग्लोबिनपुढे हिमोग्लोबिनचाच आकडा आला की झालं. ओळ कितवी ते बघायचं नाही." दुसऱ्या दिवशी मी टेस्ट तशी बदलली. ती कायमची हिरवी झाली. साहेबांना वाटलं, मी ताईंची चूक निस्तरली. त्यांनी शाबासकी दिली, मी ती घेतली... लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर तीनदा मी ताईंकडे गेले, सगळं सांगायचंच ठरवून. तिन्ही वेळा चहा पिऊन परत आले. निघताना त्या दर वेळी विचारायच्या, "अजून काही?" फोनवर बोलून लागलेली सवय असेल, असं मी समजत होते.

परवा त्यांच्या यजमानांना, भाऊंना, भेटायला गेले. भाऊंनीच चहा केला. ओट्यावर तोच डबा होता, वाट्या इकडच्या तिकडे झालेल्या. मी निघाले तसे ते म्हणाले, "तू गेलीस की ही म्हणायची, आजही पोरगी बोलली नाही. काय सांगायचं होतं गं तुला?"

एक चप्पल पायात घातली होती. ती काढली आणि आत जाऊन बसले.