नीलाबाईचा फोटो

नीलाबाई माझी धाकटी जाऊ. तिच्यात एवढं काय आहे, हे मला पंधरा वर्षांत कळलं नाही. पण तांड्यातल्या पोरी कायम तिच्याच ओसरीवर. हळद निघाली की निवडायला तिच्याकडे गर्दी, आणि त्यात माझी लेक निताही. माझ्या अंगणातला ढीग तसाच पडलेला. माझा जळफळाट होतो, लपवून काय करू?

बरं, हीच ती नीलाबाई, जिची दोन वर्षांमागं आखाडा बाळापूरच्या बाजारात शोभा झाली. तांड्यात मोबाईल तेव्हा नवेच होते. दीर प्रेमदास ऊसतोडीला निघाला, तेव्हा आठवण म्हणून त्यानं बायकोचा फोटो काढून नेला. न्हाऊन बसलेली, केस मोकळे, अंगावर नुसतं लुगडं गुंडाळलेलं. परत आल्यावर गाणी भरायला मोबाईलातली चिप त्यानं बाजारातल्या दुकानात दिली. आमच्याकडे सगळेच देतात. आत आणखी काय आहे, हे कोण बघतो? दुकानदारानं बघितलं. आठ दिवसांत तो फोटो टवाळ पोरांच्या मोबाईलवर फिरायला लागला.

मला आतून बरं वाटलं. हापशावर चार बायकांत मी मोठ्यानं म्हणाले, "लई हौस होती ना, फिर म्हणावं आता बाजारभर!" सगळ्या हसल्या. मागं वळून बघते तर नीलाबाई घागर घेऊन उभी. पाणी भरून गेली.

मला वाटलं, आता तोंड लपवून बसेल. कुठलं काय! हळद निवडता निवडता तिनंच पोरींना सगळं सांगितलं. "फोटो एकदा हातचा गेला की परत येत न्हाई. एकानं पुसला तरी दहा जणांकडं ऱ्हातो. कुणी मागितला तर देऊ नका. अन् दिला असंल तरी माझ्याकडं या, मी वरडणार न्हाई." पोरी तिला आणखीच चिकटल्या. मी घरात बसून दात खात राहिले.

परवा निताला बोलवायला गेले, तर ओसरीवर दोघीच. निताचा मोबाईल नीलाबाईच्या हातात. मी कुडाआड थांबले.

"काकी, वर्गातला एक जण तसला फोटो मागून राहिला. न्हाई दिला तर बोलणार न्हाई म्हणतो."

"दिलास का?"

"न्हाई."

"बराबर केलंस. बोलला न्हाई तर न्हाई. पर याडीला सांग."

"आईला? न्हाई काकी. हसंल ती. तुमच्यावर हसली तशी."

माझी लेक माझ्यापासून का लांब गेली, ते मला कुडाआड उभं राहून कळत होतं.

"तुझी याडी कवा हसली?" नीलाबाई म्हणाली. "काहीबाही बोलू नको. मला तर आठवत न्हाई."

धडधडीत खोटं. तेवढ्यातही मला तिचा हेवाच वाटला. ती माझ्यासाठी बोलली, तसं खोटं मी तिच्यासाठी कधी बोलले नसते.

मी पुढं झाले. निता दचकली.

"हसले व्हते मी," मी म्हणाले. "हापशावर. काकी मागंच उभी व्हती. लई वाईट केलं."

मी खाली बसून हळद निवडायला घेतली. थोड्या वेळानं नितानं काकीच्या हातातला मोबाईल घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"बघ," ती म्हणाली, "काय लिहून राहिला तो."